नवख्या निसर्ग स्वयंसेवकांना पक्षीनिरीक्षणासाठी भिगवणला कधी आणि कसं न्यावं?

डिसेंबर ते मार्च हा हंगाम, पण तारीख ठरवण्याआधी भिगवणजवळच्या उजनी धरणाच्या पाण्याची चौकशी करा. पाऊस दणकून झाला असेल तर धरण काठोकाठ असतं, चिखलाचे पट्टे उघडे पडत नाहीत आणि रोहित (फ्लेमिंगो) उशिरा जमतात. अशा वर्षी थेट फेब्रुवारी गाठावा.

मुक्काम कुंभारगाव किंवा डिकसळला करा. तिथले मच्छीमारच नाव वल्हवतात आणि पक्षीही तेच दाखवतात. कुठल्या खांबावर कैकर (ऑस्प्रे) हा शिकारी पक्षी मासा धरून बसतो, हे त्यांना तोंडपाठ! त्यामुळे शहरातून तज्ज्ञ न्यायचा खटाटोप मला तरी अनावश्यक वाटतो. सूर्योदयाला नावेत बसलेलं असावं. नावाड्याला आधीच बजावून ठेवा: फोटोसाठी थवा उडवायचा नाही. रोहित मान खाली घालून, चोच उलटी करून पाणी गाळत चरतो. ते शांतपणे पाच मिनिटं बघितलं तरी नवख्याला पुष्कळ कळतं.

एका नावेत चार-पाचच जण घ्या आणि एकाकडे फक्त नोंदीचं काम द्या. पट्टकादंब, चक्रवाक, चित्रबलाक, शेकाट्या असे मोठे, ठळक पक्षी आधी. तुतारींच्या, म्हणजे चिखलात चरणाऱ्या, एकसारख्या दिसणाऱ्या छोट्या पक्ष्यांच्या भानगडीत पहिल्या दिवशी पडूच नका, भलेभले गोंधळतात. यादी त्याच संध्याकाळी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा. दुर्बीण ८ बाय ४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरते.

वेळ उरला तर दुपारनंतर कडबनवाडीचं माळरान करा, चिंकारा हरीण दिसण्याची शक्यता चांगली असते.