विमा एजंटने ग्राहकांना दरमहा माहितीपत्रक पाठवून संपर्क टिकतो का?

टिकतो, पण पानभर नव्या योजनांची जाहिरात असेल तर कोणी उघडतही नाही. मी वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा भागात विम्याचं काम करते. महिन्याला एकच पान पाठवते आणि त्यात एकच विषय घेते.

सगळ्यात जास्त फोन आले ते नॉमिनीवर लिहिलं तेव्हा. एका काकांच्या पॉलिसीवर वारलेल्या आईचंच नाव होतं, लग्नाला वीस वर्षं झाली तरी! दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन घरी आले. अशी किती घरं असतील, या विचाराने मला अजून झोप लागत नाही. चुकलेल्या हप्त्याबद्दलही जरूर लिहा: आयुर्विम्यात मासिक हप्त्याला १५ दिवसांची सवलत असते, तिमाही, सहामाही, वार्षिकला ३० दिवसांची. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेव्हा मी चार ओळीच पाठवल्या होत्या, तेवढ्या पुरल्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप करू नका, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. मात्र तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो, म्हणून आधी तेवढं करून घ्या. आजी-आजोबांना मी मोठ्या अक्षरात छापून नेऊन देते. इथल्या बऱ्याच मुलांना मराठीपेक्षा गुजराती वाचायला सोपं जातं, त्यांना गुजरातीत पाठवते.