घोडा कुंपणाच्या फळ्या का कुरतडतो? घोडेपालकांच्या प्रश्नांना उत्तरे

कुंपण खाणाऱ्या घोड्यांबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. बहुतेकांची तक्रार एकच आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो आणि बाकीचे थोडक्यात घेतो.

प्रश्न : सहा वर्षांच्या घोड्याने कुंपणाच्या वरच्या फळ्या कुरतडून निम्म्यावर आणल्या आहेत. दोन वेळा मिळून तीन किलो दाणा आणि साडेतीन किलो वाळलेले गवत देतो. अंगाने चांगला भरलेला आहे, म्हणजे उपाशी नाही. फळ्यांना मिरचीचे पाणी फासले तेव्हा चार दिवस थांबला. पाऊस पडला आणि पुन्हा सुरू. ही खोड कशी मोडावी?

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. घोडा अंगाने भरलेला आहे हे मान्य, पण त्याचे तोंड दिवसातला बहुतेक वेळ रिकामे आहे. हिशेब करून बघा. एक किलो वाळलेले गवत चावून खायला घोड्याला साधारण चाळीस मिनिटे लागतात, एक किलो दाण्याला जेमतेम दहा. म्हणजे साडेतीन किलो गवताची सव्वादोन-अडीच तास आणि तीन किलो दाण्याची अर्धा तास अशी बेरीज होते. चोवीस तासांतले तीन तासही भरत नाहीत. मोकळ्या कुरणावरचा घोडा मात्र दिवसरात्र मिळून पंधरा-सोळा तास चरतो.

घोडा गाय-म्हशीसारखा रवंथ करणारा नाही. भरभर खाऊन घ्यायचे आणि नंतर बसून चघळायचे, ही सोय त्याला नाही. त्याचे जठर लहान असते, मोठ्या घोड्याचेही आठ ते पंधरा लिटर. त्यात आम्ल मात्र सतत पाझरत राहते, पोटात चारा असो वा नसो. हे आम्ल मारण्याचे काम लाळ करते आणि घोड्याची लाळ फक्त चावतानाच सुटते. चावणे थांबले की लाळ थांबते, आम्ल साचते, जठराच्या अस्तरावर व्रण पडू लागतात. अशा वेळी समोर फळी असेल तर घोडा फळी चावतो. तोंडाला काम मिळते आणि लाकडात तंतुमय भागही असतो, जो त्याला चाऱ्यातून कमी पडत असतो. म्हणून याला खोड म्हणण्याआधी वैरणीचा हिशेब तपासावा, असे माझे मत आहे. दहातली आठ प्रकरणे तिथेच सुटावीत.

आता वैरण किती द्यावी? आधी वजन काढा. काटा नसेल तर टेप पुरतो. कोपरांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी घ्या, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६५ आणि लांबी १५० आली तर वजन साधारण ३४४ किलो. हे सूत्र मोठ्या घोड्यासाठी आहे, शिंगराला लावू नका.

घोड्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण मिळाली पाहिजे. वाळलेल्या गवतातही थोडे पाणी असतेच, म्हणून ३४४ किलोच्या घोड्याला ते सहा ते आठ किलो लागते. तुम्ही देता त्याच्या जवळजवळ दुप्पट. हिरव्या गवताच्या भरवशावर राहणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असते. दहा किलो हिरवे गवत म्हणजे दोन-अडीच किलो कोरडा चारा. कोवळ्या लुसलुशीत गवतात तर तंतू आणखी कमी. कुरणात गुडघाभर गवत असतानाही घोडे खांब कुरतडतात, त्याचे एक कारण हे आहे.

वाढीव गवत एकदम टाकू नका. आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा आणि तेवढ्याच काळात दाणा कमी करत जा. घोडा जड कामाचा नसेल तर चांगल्या गवतावर त्याचे बहुतेक भागते. दाणा द्यायचाच असेल तर एका वेळी वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवा, म्हणजे या घोड्याला दीड-पावणेदोन किलोच्या आत. आधी गवत, मग दाणा, हा क्रम पाळा.

गवत किती आहे याइतकेच ते किती वेळ पुरते हेही महत्त्वाचे. सकाळी सगळा भारा टाकला तर दुपारी गव्हाण रिकामी. त्याचे चार-पाच भाग करा आणि सर्वांत मोठा भाग रात्री ठेवा, कारण रात्रच लांब असते आणि फळ्यांचे नुकसान बहुधा तेव्हाच होते. बारीक छिद्रांच्या जाळीत गवत भरून दिले की घोडा काडी काडी ओढून खातो आणि तेच गवत दुप्पट वेळ चालते. जाळी मात्र एवढी उंच बांधा की रिकामी होऊन लोंबली तरी खुराचा पाय तिच्यात अडकणार नाही. नाल मारलेल्या घोड्याच्या बाबतीत तर याला सूटच नाही.

याशिवाय घोडा दिवसभर ठाणबंद आहे का, एकटा आहे का, तेही बघा. कळपाचे जनावर आहे. बाहेर मोकळे फिरणे आणि दुसरा घोडा नजरेसमोर असणे, याने पुष्कळ फरक पडतो. थंड आणि ओल्या हवेत लाकूड चावणे वाढते, त्यामुळे त्या दिवसांत गवत थोडे सढळ हाताने टाका.

प्रश्न : अंगात क्षार कमी असले की घोडा लाकूड खातो असे ऐकले. गाईंसाठी आणलेले खनिज मिश्रण चालेल का?

मीठ कमी पडले तर घोडा माती, भिंत, लाकूड चाटतो-चावतो हे खरे आहे. शंभर किलो वजनामागे रोज दहा ग्रॅम साधे मीठ धरा, घामाचे काम असेल तर जास्त. मिठाचा खडा ठाणाजवळ ठेवला तर घोडा आपल्या गरजेप्रमाणे चाटतो. सोबत स्वच्छ पाणी कायम हवे. स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता हेही एक कारण असू शकते, पण क्षारांनी सगळे कुंपण वाचेल अशी आशा धरू नका. वैरण अपुरी असताना खनिजांच्या पिशव्या आणणे म्हणजे पैसा वाया.

गाईंचे किंवा कोंबड्यांचे खाद्य घोड्याला देण्याआधी पिशवीवरचा मजकूर वाचा. काहींत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गाईला ते सोसते, घोड्याच्या हृदयावर थोड्या मात्रेतही घाव घालते आणि घोडा दगावतो. मजकूर नीट वाचता येत नसेल तर देऊच नका.

प्रश्न : आमची घोडी फळी खात नाही, नुसते पुढचे दात टेकवते, मान ताणते आणि ढेकरासारखा आवाज करते. हे तेच का?

नाही, हे वेगळे आहे आणि दोन्हींची गल्लत केली तर उपाय चुकतो. कुंपणाजवळ जाऊन बघा. लाकूड खाणाऱ्या घोड्याच्या फळीवर अर्धगोल खाचा दिसतात, आतले पांढरट ताजे लाकूड उघडे पडलेले असते आणि खाली ढलप्या सांडलेल्या असतात. तुमच्या घोडीच्या फळीची कड मात्र एकाच जागी झिजून गुळगुळीत झालेली दिसेल. तिच्या वरच्या पुढच्या दातांची बाहेरची धार तिरकी घासलेली असेल, आणि जुनी सवय असेल तर मानेखालचे स्नायू जाड झालेले असतील. ती दात टेकवून अन्ननलिकेच्या वरच्या भागात हवा ओढते. आवाज त्याचाच.

अशा घोड्यांमध्ये जठराचे व्रण आणि काही प्रकारचा पोटशूळ जास्त आढळतो. शिंगराला आईपासून तोडल्यावर लगेच भरपूर दाण्यावर नेले तर ही सवय लागण्याचा धोका वाढतो. एकदा पक्की झाली की ती पूर्ण सुटणे कठीण. गळ्यात आवळून बांधायच्या पट्ट्याने हवा ओढणे तेवढ्यापुरते थांबते, आतली तगमग थांबत नाही, आणि पट्टा घट्ट असेल तर कातडी सोलते. मी तो सुचवत नाही. वैरण, मोकळीक, सोबत यांची वर सांगितलेली घडी बसवा आणि पशुवैद्याकडून जठर तपासून घ्या. शेजारचे घोडे बघून शिकतात म्हणून अशा घोडीला कोपऱ्यात एकटी बांधण्याची चाल आहे. त्याला भक्कम पुरावा नाही, उलट एकटेपणाने सवय वाढते.

प्रश्न : तोपर्यंत कुंपण कसे वाचवावे? कोणी जळके तेल फासायला सांगतात.

जळके इंजिन तेल नको. घोडा ते चाटतो, अंगाला लावून घेतो, आणि त्यात धातूंचे अंश असतात. जुना शिसेयुक्त रंग, क्रिओसोट (लाकूड टिकवायला लावायचे डांबरी तेल), तसेच तांबे-क्रोमियम-आर्सेनिकचे द्रावण मुरवलेले लाकूड, हे चावणाऱ्या घोड्याच्या तोंडाजवळ नसावे. कडू किंवा तिखट लेप चालतात, पण पावसाने धुऊन जातात आणि काही घोड्यांना त्यांची सवयही होते. लेप लावायचाच तर पुन्हा पुन्हा लावायची तयारी ठेवा.

टिकाऊ उपाय म्हणजे कड झाकणे. घोडा सपाट पृष्ठभागावर नव्हे, कडेवर दात लावतो. वरच्या फळीच्या कडेवर काटकोनी लोखंडी पट्टी किंवा दुमडलेला पत्रा ठोका. पत्र्याच्या टोकांना धार राहू देऊ नका आणि खिळ्यांची डोकी आत बसवा. नवी फळी घालताना टणक लाकूड निवडा, मऊ लाकूड लवकर संपते. फळ्या खांबाच्या आतल्या, म्हणजे घोड्याच्या बाजूला ठोका. मग घोडा रेलला तरी त्या निखळत नाहीत.

सर्वांत खात्रीचा उपाय वरच्या फळीच्या आतल्या बाजूने, पंधरा-वीस सेंटिमीटर पुढे, विजेची एक तार. ती कुंपणासाठीच्या झटका यंत्रावरच चालवायची. घरातली वीज तारेत सोडणे म्हणजे घोड्याचा आणि माणसाचाही जीव घेणे.

कुंपण असे बंद केल्यावर घोडा झाडांच्या साली सोलू लागला, तर समजा की वैरण अजून कमी आहे. विलो किंवा पॉप्लरच्या ताज्या फांद्या चघळायला टाकता येतात. कण्हेर, यू, ब्लॅक लोकस्ट, रेड मेपल, ब्लॅक वॉलनट ही झाडे मात्र घोड्याच्या आवाक्यात नकोत. कण्हेरीची थोडी पानेसुद्धा त्याचा घात करतात.

प्रश्न : पशुवैद्याला कधी बोलवावे?

घास तोंडातून गळत असेल, वजन उतरत असेल, लाळेत रक्त दिसत असेल, किंवा इतके दिवस शांत असलेला घोडा अचानक लाकडावर तुटून पडला असेल, तर वाट बघू नका. हिरडीत किंवा जिभेत लाकडाची टोकदार काडी रुतलेली असू शकते, दाढेला धार आलेली असू शकते. अडीच ते साडेचार वर्षांच्या घोड्याचे पुढचे दुधाचे दात पडून पक्के येतात, तेव्हा तो काही काळ लाकूड चावतो. तेवढ्यासाठी घाबरू नका, तोंड मात्र तपासून घ्या. घोडा पोटाकडे वळून बघतो, लोळतो, लीद टाकत नाही, असे दिसले तर ढलप्या आतड्यात अडकल्या असण्याची शक्यता धरा आणि त्याच क्षणी वैद्याला बोलवा, तोवर खायला काही देऊ नका. एरवी भेटीला जाताना आठवडाभराची नोंद सोबत न्या: रोज किती किलो गवत, किती दाणा, किती वाजता, आणि कुठल्या फळ्या कधी कुरतडल्या.