इंग्लंडला येताय आणि शाळेत गव्हर्नर व्हायचंय, तर...

तुमचा प्रश्न असा: उन्हाळ्यात मुलीला घेऊन इंग्लंडला येताय, ती यंदा तिसरीत आहे, आणि गावात ओळखी व्हाव्यात म्हणून शाळेच्या गव्हर्नर मंडळावर विनामोबदला काम करायची इच्छा आहे. बाहेरून आलेल्याला घेतात का, आणि काम काय असतं? व्हिसा, घर, बँक यांची माहिती सरकारी पानांवर आहे, ती सोडते. हा प्रश्न वाचून मात्र गप्प बसवेना.

घेतात. वय 18 पूर्ण हवं. ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही, त्या शाळेत आपलं मूल असण्याचीही अट नाही. स्किल्ड वर्कर व्हिसावर स्वयंसेवी काम चालतं. गव्हर्नरपदाची मुदत बहुधा 4 वर्षांची. आपल्याकडच्या शाळा व्यवस्थापन समितीवरून अंदाज बांधू नका. इथे कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, शाळेत हेडटीचर निवडणं, बजेट मंजूर करणं, मुलाला शाळेतून कायमचं काढण्याच्या निर्णयाची फेरतपासणी करणं, हे सगळं मंडळाकडे असतं. म्हणून आधी विचारा, शाळा कौन्सिलची की अकॅडमी, म्हणजे कौन्सिलबाहेरच्या ट्रस्टने सरकारी पैशावर चालवलेली? अकॅडमी ट्रस्टमध्ये खरे अधिकार वरच्या ट्रस्टी मंडळाकडे असतात. स्थानिक मंडळाला किती दिलेत, हे ट्रस्टच्या अधिकारवाटपाच्या कागदात लिहिलेलं असतं. तो वाचल्याशिवाय होकार देऊ नका.

पालक गव्हर्नर मतदानाने निवडून येतात. को-ऑप्टेड गव्हर्नरला मंडळच कौशल्य पाहून घेतं. हिशेब, एचआर, इमारतींची देखभाल जाणणारी माणसं कायम हवी असतात. गव्हर्नर्स फॉर स्कूल्स ही संस्था शाळेशी गाठ घालून देते, स्वयंसेवकाला त्याचा खर्च नाही. माझं मत विचाराल तर मुलीच्या शाळेऐवजी जवळच्या दुसऱ्या शाळेत को-ऑप्ट व्हा. आपल्याच मुलीच्या शाळेत गेटपाशी प्रत्येक पालक तक्रार घेऊन येतो, आणि गव्हर्नर म्हणून ती आपण सोडवायचीच नसते.

आता कागद. डीबीएसची, म्हणजे गुन्ह्यांची नोंद आहे का हे पाहणाऱ्या सरकारी संस्थेची, एनहान्स्ड (सखोल) तपासणी होते. कौन्सिलच्या शाळेत नेमणुकीपासून 21 दिवसांत तिचा अर्ज करावा लागतो. मागच्या 5 वर्षांचे सगळे पत्ते हवेत, भारतातलेसुद्धा, महिना-वर्षासकट आणि मध्ये खंड न पडता. भाड्याची घरं बदलली असतील तर निघण्यापूर्वीच यादी करा. आणि आजवर वापरलेली सगळी नावं. इथे मराठी बाईचं काम अडतं. लग्नानंतर आडनाव बदलतं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं, कुठे सासरचं पहिलं नावही. पदवीवर एक, पासपोर्टवर दुसरं, जुन्या पॅनवर तिसरं. फॉर्म भरून घेणाऱ्याला मधलं नाव बदलू शकतं हेच ठाऊक नसतं, आणि दर वेळी आपणच काही लपवल्यासारखे उत्तरं देत बसतो. याचा राग अजून जात नाही. लग्नाचा दाखला आणि जुना पासपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवा. परदेशात राहिलेल्यांकडे शाळा जादा तपासणी म्हणून भारतातला पोलिसांचा दाखलाही मागू शकते.

सभा वर्षाला किमान 3, प्रत्यक्षात समित्या धरून बऱ्याच जास्त. कागद 7 पूर्ण दिवस आधी येतात, आणि खरं काम ते वाचण्यात आहे. महिन्याला सहा-आठ तास धरा. आपली माणसं दोन ठिकाणी चुकतात. काही जण हेडटीचरला 'सर' मानून तोंड उघडत नाहीत. काही जण थेट वर्गात जाऊन शिक्षकांना सूचना देतात. दोन्ही काम बिघडवतं. रोजचा कारभार हेडचा, आपण प्रश्न विचारायचे. समजा अहवालात हजेरी 93 टक्के लिहिलीय. सरासरीवर समाधान मानू नका. दहा टक्के किंवा जास्त सत्रं (अर्धा दिवस म्हणजे एक सत्र) बुडवणारी मुलं किती, त्यांत कमी उत्पन्नाच्या घरातली म्हणून मोफत जेवण मिळणारी किती, मागच्या टर्मला काय उपाय केला आणि त्याने काय बदललं, हे विचारा. उत्तर इतिवृत्तात आलंय का, तेही पाहा.

एका रकान्यासाठी तर मी हात जोडते. प्रवेशाच्या फॉर्मवर मुलाची पहिली भाषा विचारतात. आपले बरेच पालक तिथे 'इंग्लिश' लिहितात, मूल मागे पडेल किंवा वेगळं बसवतील या भीतीने. घरात मराठी बोलत असाल तर मराठी लिहा. शाळांच्या निधीच्या राष्ट्रीय सूत्रात, पहिली भाषा इंग्रजी नसलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून 3 वर्षांपर्यंत जादा रक्कम धरली जाते. 'इंग्लिश' लिहिलं की ते मूल त्या हिशेबातून गळतं. मग मंडळात बजेट येतं तेव्हा भाषेच्या मदतीला पैसा नसतो, आणि ज्यांच्या मुलांना ती हवी असते तेच कागदावर नसतात. हे मला फार लागतं, कारण आपली भाषा आपण स्वतःच्या हाताने पुसलेली असते.

मुलीच्या वर्गाचं आधीच सांगते. इथे वर्ग जन्मतारखेवर ठरतो, 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट. 31 ऑगस्टला तिला 9 पूर्ण असतील तर ती तिसरीनंतर थेट इयर 5 मध्ये बसेल, आणि पुढच्याच वर्षी 31 ऑक्टोबरपर्यंत माध्यमिक शाळेचा अर्ज. कसलीही तयारी नसताना मूल दोन पायऱ्या वर ढकललं जातं. ही पद्धत मला कधीच पटलेली नाही. गव्हर्नर झाल्याने तिच्या प्रवेशाला काडीची मदत होणार नाही. तिच्या वर्गाचा विषय तुमच्या हितसंबंधाशी भिडला तर ते जाहीर करून बाहेर बसावं लागेल.

एकटेपणासाठी म्हणाल तर हे काम घेऊ नका. सभा संपली की जो तो घरी जातो. मैत्रीसाठी महाराष्ट्र मंडळ आहे, बागेतल्या आया आहेत. इथे मिळतं ते वेगळं: आपल्या मुलांविषयी निर्णय होतात त्या खोलीत एक खुर्ची. मला ती हवी होती, एवढं मोकळेपणाने सांगते.

आल्यावर पहिली टर्म घर आणि मुलीला द्या. जानेवारीत जवळच्या दोन-तीन शाळांच्या संकेतस्थळांवर गव्हर्नरांची यादी उघडा. कोणाची मुदत कधी संपते ते तिथेच दिलेलं असतं. मंडळाच्या क्लार्कला, म्हणजे सभांचं कामकाज पाहणाऱ्या सचिवाला, चार ओळींची ईमेल करा आणि एक सभा निरीक्षक म्हणून बसून पाहता येईल का, ते विचारा.