सेन्सरच्या आधी बटणांचा नकाशा काढा

विद्यापीठाची चार मजली इमारत. खाली वाचनालय आणि सभागृह, वर वर्ग, कॉम्प्युटर लॅब, कार्यालयं. वीज वाचवायला सगळीकडे एकाच प्रकारची एलईडी पॅनेल आणि मोशन सेन्सर लावले की झालं का, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते नाही. कुठलं बटण कुठले दिवे लावणार, हे आधी ठरवा. फिटिंग पुढेही बदलता येतं. भिंतीत गेलेलं वायरिंग कोणी उकरत नाही.

९ बाय ७ मीटरचा वर्ग घ्या. बाकावर ३०० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ल्युमेन उजेड हवा; ६३ चौरस मीटरला १८,९०० ल्युमेन. छत-भिंती शोषतात त्यासाठी ०.६ आणि धूळ-झीज यासाठी ०.८ धरून भागलं, की दिव्यांतून साधारण ३९,४०० ल्युमेन निघायला हवेत. वॅटला ११० ल्युमेन देणारी ३० वॅटची १२ फिटिंग पुरतात: ३६० वॅट. जुन्या ३६ वॅटच्या १२ ट्यूब चोकसकट ६०० वॅटच्या आसपास खात. इथवर सगळेच येतात.

पुढची बचत ओळींत आहे. लांब भिंतीला खिडक्या असतील तर चार-चार दिव्यांच्या तीन ओळी खिडक्यांना समांतर ठेवा आणि प्रत्येक ओळीला वेगळं बटण द्या. खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दुपटीपर्यंत बाहेरचा उजेड आत पुरतो, असा ढोबळ हिशेब आहे, २.१ मीटर उंचीला चारेक मीटर. म्हणजे स्वच्छ दिवशी दोन ओळी बंद ठेवून १२० वॅटमध्ये तास होतो. बऱ्याच इमारतींत ओळी खिडकीकडून आत अशा आडव्या जोडलेल्या असतात. मग आतल्या बाजूच्या बाकांवर अंधार, म्हणून सगळेच दिवे लावावे लागतात. पश्चिमेला छज्जा नसेल तर हा हिशेबच कोसळतो: ऊन डोळ्यांवर येतं, पडदे ओढले जातात आणि भर दुपारी बाराही दिवे जळतात. फळ्याचा दिवा मात्र स्वतंत्र हवा, प्रोजेक्टर लावताना तेवढा बंद करता येतो.

आणि पंखे! आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये पंखे आणि दिवे वेगवेगळ्या शीटवर असतात. पात्यांच्या वर पॅनेल आलं की वहीवर सावली सतत फडफडते, मुलांचं डोकं दुखतं. दोन्ही शीट एकमेकींवर ठेवून बघा. जागा नसेल तर दिवे पात्यांच्या पातळीखाली टांगा.

आता सेन्सर. साधा पीआयआर सेन्सर शरीराच्या उष्णतेची हालचाल टिपतो. वाचनालयात मुलगी तासभर स्थिर बसून वाचते आणि तिच्या डोक्यावरचा दिवा विझतो. तिथे प्रत्येक टेबलाला स्वतःचा दिवा द्या, छताचा उजेड थोडा कमी ठेवा. स्वच्छतागृहात पीआयआरला दाराआडचं दिसत नाही. मायक्रोवेव्ह सेन्सर काच आणि प्लायच्या पलीकडचंही टिपतो, त्यामुळे पॅसेजमधून कोणी गेलं तरी बंद खोलीत दिवे लागतात. वर्गात बटणाने लागणारे आणि खोली रिकामी झाल्यावर आपोआप बंद होणारे दिवे उत्तम. जिना, पॅसेज पूर्ण अंधारात नेऊ नका. २०-३० टक्क्यांवर मंद करा, आणि जिन्याचे काही दिवे इन्व्हर्टरवर ठेवा.

सभागृहात उजेड कमी-जास्त करता येणारे ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) घ्या. लॅबमध्ये स्क्रीनवर दिव्याचं प्रतिबिंब पडणार नाही अशी कमी चकाकीची फिटिंग घ्या.

टेंडरमध्ये ड्रायव्हरची वॉरंटी आणि सर्ज प्रोटेक्शन (विजेच्या अचानक झटक्यापासून संरक्षण) वेगळं लिहून घ्या, कारण एलईडीच्या चिपआधी बहुधा ड्रायव्हरच जातो. शेवटचं बिल देण्याआधी रात्री, बाकाच्या उंचीवर, लक्स मीटरने प्रत्येक प्रकारच्या खोलीत मोजणी करून घ्या; ही अटही टेंडरमध्येच घाला.