‘सुगंधी संयुगे’ खाणारे जिवाणू?

प्रश्न : ‘अवायुजीवी जिवाणू सुगंधी संयुगांवर जगतात’ असं वाक्य एका भाषांतरात आलंय. ‘सुगंधी’ खटकतं. काय लिहावं? आणि ‘अवायुजीवी’ चालेल का?

उत्तर : ‘सुगंधी’ काढाच, सरळ ‘ॲरोमॅटिक’ लिहा. एकोणिसाव्या शतकात या गटातले जे पदार्थ हाती आले त्यांतल्या बऱ्याच जणांना वास होता, म्हणून ‘ॲरोमॅटिक’, म्हणजे सुवासिक, हे नाव पडलं. आज रसायनशास्त्रात त्याचा वासाशी संबंध नाही. कापराचा घमघमाट कितीही असो, तो ॲरोमॅटिक नाही. डांबरगोळीतलं नॅप्थॅलीन मात्र आहे. इथे बघायचं ते बेंझीनसारखं कडं. त्यातले काही इलेक्ट्रॉन कुठल्याही एका बंधात न अडकता कडंभर पसरलेले असतात, त्यामुळे ते फोडायला भलतंच चिवट.

वास या कुळातून अगदीच गेलाय असंही नाही म्हणा. ‘बेंझीन’ हे नाव मागे मागे नेलं तर अरबी ‘लुबान जावी’पाशी पोचतं, म्हणजे आपला ऊद किंवा लोबान. त्या राळेतून बेंझॉइक आम्ल मिळालं आणि १८३३ साली मिट्शरलिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते चुन्याबरोबर तापवून बेंझीन काढलं.

आता ‘अवायुजीवी’. पाश्चरने १८६०च्या दशकात फ्रेंचमध्ये जो शब्द घडवला, त्याचं हे शब्दशः रूप, त्यामुळे चूक म्हणता येणार नाही. पण नायट्रोजन हाही वायूच, आणि या जिवाणूंना वावडं असलंच तर ऑक्सिजनचं. शाळेच्या पुस्तकातलं ‘विनॉक्सिश्वसन’ सगळ्यांच्या कानावरून गेलेलं असतं, म्हणून मी ‘विनॉक्सिजीवी’ला मत देईन.

‘जगतात’ला माझी हरकत नाही, पण पुढे बहुधा ‘ऑक्सिडीकरण’ येईल, तिथे जपून. हवेत राहणारे जिवाणू ऑक्सिजनचे अणू थेट कड्यावर बसवतात आणि मग ते तोडतात. ऑक्सिजन नसेल तर ही युक्ती बाद. मग उलटा मार्ग : नाना प्रकारची ॲरोमॅटिक संयुगं आधी बेंझॉइल-कोएन्झाइम-ए या एकाच रेणूत आणायची आणि त्याच्या कड्यात इलेक्ट्रॉन घालून त्याचा चिवटपणा मोडायचा. याला क्षपण म्हणतात, म्हणजे ऑक्सिडीकरणाच्या बरोब्बर उलट. थॉएरा ॲरोमॅटिका हा ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वसन करणारा जिवाणू दोन इलेक्ट्रॉन घालायला एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, दोन रेणू खर्चतो. जिओबॅक्टर मेटॅलिरेड्यूसेन्स श्वसनासाठी लोह वापरतो, त्यातून ऊर्जा कमी मिळते. त्याला एवढी चैन परवडत नाही, म्हणून त्याचं टंगस्टनवालं विकर (एन्झाइम) एटीपी न जाळता तेच काम करतं. कडं उघडल्यावर तुकड्यांचं पुढे ऑक्सिडीकरण होतंच, पण पहिल्या पायरीला तो शब्द लावू नका.

तेव्हा तुमचं वाक्य असं करा : ‘काही विनॉक्सिजीवी जिवाणू ॲरोमॅटिक संयुगांवर जगतात.’ ‘काही’ विसरू नका, सगळ्यांना हे जमत नाही.