डेन्मार्कमधला पहिला नाताळ: एवढं सांभाळ

अगं, घाबरू नकोस. तिथे खरा सण २४ डिसेंबरच्या संध्याकाळी असतो, २५ ला नव्हे. त्या संध्याकाळी मैत्रिणींबरोबर बाहेर जायचा बेत मुळीच नको.

बदक किंवा डुकराचं मांस खात नसशील तर आधीच सांग, जेवायला बसल्यावर नाही.

शेवटी रिसालामांद येतं: क्रीम घातलेला गार, गोड भात, वर चेरीचा गरम सॉस. त्यात एक अख्खा बदाम असतो. तुला मिळाला तर गालात लपव, बाकीच्यांना खात राहू दे, बक्षीस तुझंच! मग सगळे हात धरून गाणी म्हणत झाडाभोवती फिरतात. शब्द येत नसले तरी कोपऱ्यात उभी राहू नकोस, नुसतं गुणगुण. भेटवस्तू सावकाश, एकेक उघडतात.

आणि घरी फोन दुपारीच उरक; हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो.