मांजरीच्या अंगावरचे जळके ऑइल आणि ग्रीस

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून आलेल्या आपल्या मांजरीच्या पाठीला व शेपटीला जळके ऑइल आणि ग्रीस लागले आहे, घरातली मोठी माणसे रॉकेलने पुसायला सांगत आहेत, आणि भांड्यांचा साबण चालेल का, असे आपण विचारले आहे. रॉकेल अजिबात लावू नये. कारागीर हाताचे ग्रीस रॉकेलने किंवा डिझेलने काढतात हे खरे, पण कारागीर नंतर हात चाटत नाही.

मुख्य धोका डागाचा नसून जिभेचा आहे. मांजर अंगाला लागलेले सारे चाटून साफ करते, त्यामुळे आज केसांवर दिसणारे ऑइल उद्यापर्यंत तिच्या पोटात गेलेले असेल. शिवाय वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये इंधनाचे अंश आणि झिजलेल्या भागांतले धातू उतरलेले असतात. म्हणून धुण्याची तयारी करण्याआधी तिच्या गळ्यात चाटता येऊ नये अशी शंकूच्या आकाराची प्लॅस्टिकची कॉलर घालावी, आणि ती नसेल तर जुन्या टॉवेलमध्ये डोके तेवढे बाहेर ठेवून तिला गुंडाळून कोणाच्या तरी मांडीवर द्यावे. घरात दुसरे मांजर असल्यास त्याला वेगळ्या खोलीत ठेवावे, कारण तेही हिला चाटायला येईल.

तेवढ्या वेळात वर्कशॉपवाल्यांना फोन करून नेमके काय सांडले होते ते विचारावे. दाट ऑइल किंवा ग्रीस थोडे पोटात गेले तर बहुधा उलटी-जुलाबावर निभावते. रॉकेल, पेट्रोल, डिझेल, टर्पेंटाइन यांसारखे पातळ द्रव मात्र गिळताना किंवा उलटी होताना फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. म्हणूनच मीठ-पाणी पाजून उलटी करवण्याचा घरगुती उपाय येथे घातक आहे. गाडीच्या कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते आणि ते मांजराची मूत्रपिंडे निकामी करते. त्यावरचा उपचार पोटात गेल्यापासून साधारण 3 तासांच्या आत सुरू व्हावा लागतो, त्यामुळे कूलंटची किंवा ब्रेक ऑइलची नुसती शंका आली तरी घरी धूत न बसता तिला टॉवेलसकट पशुवैद्यांकडे न्यावे.

ऑइल आणि ग्रीसच आहे अशी खात्री झाली की धुण्याकडे वळावे. ग्रीसच्या गाठीवर थेट पाणी ओतून ती सुटत नाही. आधी कोरड्या कापडाने जेवढे टिपता येईल तेवढे टिपावे, चोळू नये. मग बोटांवर थोडे शेंगतेल किंवा खोबरेल घेऊन ती गाठ चिमटीत हळूहळू मळावी. ग्रीस सैल होऊन तेलात उतरते, केस एकेक सुटू लागतात आणि तेल काळे पडते. ते काळे तेल टिश्यूने केसांच्या दिशेने ओढून घ्यावे व पुन्हा थोडे स्वच्छ तेल लावावे. तेलाचा हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण घाईत तो गाळला की पुढे साबण जास्त लागतो आणि मांजर अधिक वेळ पाण्यात राहते.

त्यानंतर साबण. वाटीभर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एखादा चमचा पुरे. मांजराच्या शरीराचे तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअस असते, त्यामुळे आपल्या मनगटाला जेमतेम कोमट लागणारे पाणी तिला योग्य वाटते. आपल्याकडची बहुतेक लिक्विडे लिंबाच्या वासाची असतात. लिंबूवर्गीय तेले मांजरांना मानवत नाहीत, म्हणून बिनवासाचे मिळाल्यास तेच घ्यावे. भांड्याची वडी, कपड्यांची पावडर, फिनेल आणि डेटॉल यांपैकी काहीही वापरू नये. फिनेल व डेटॉलमधली फिनॉल जातीची रसायने मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. नीलगिरीचे तेलही नको, आणि कुत्र्यासाठी आणलेला गोचिडांचा शाम्पू तर मुळीच नको, कारण त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असल्यास मांजराला झटके येऊ शकतात.

तोंड व डोळे टाळून फक्त माखलेला भाग धुवावा आणि भरपूर पाण्याने साबण काढावा. निथळणारे पाणी पांढऱ्या ताटलीत धरून पाहावे: त्यावर सप्तरंगी तवंग दिसत असेल तर अजून ऑइल आहे. दोन वेळा धुऊनही तवंग राहिला आणि मांजर थरथरत किंवा बिथरलेले असेल, तर तिथेच थांबून उरलेले काम दुसऱ्या दिवशी करावे. मधल्या काळात कॉलर काढू नये. तेलकट, ओल्या केसांत ऊब टिकत नाही, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात ते लवकर वाळतही नाहीत, म्हणून टॉवेलने पूर्ण टिपून तिला उबदार, बंद खोलीत ठेवावे.

जाता जाता, मिसळीचा किंवा रश्शाचा कट अंगावर सांडला तरी क्रम हाच आहे, फक्त घाई जास्त करावी, कारण त्यातला कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतो. कट उकळता असेल तर साबण विसरून भाजलेल्या भागावर गार, पण बर्फाचे नव्हे, असे पाणी सोडत राहावे आणि दवाखाना गाठावा.

पुढचे दोन दिवस तिच्या श्वासावर लक्ष असू द्यावे. झोपेत मिनिटाला 30 पेक्षा जास्त श्वास सतत मोजले गेले, ती तोंड उघडून श्वास घेऊ लागली, खोकला, सतत लाळ किंवा सुस्ती दिसली, तर पशुवैद्यांना दाखवावे. पूर्ण दिवसभर तिने काही खाल्ले नाही तरीही दाखवावे, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते.

शेपटीच्या मुळाशी एखादी गाठ सुटत नसेल तर कात्री लावू नये. तिथली कातडी पातळ असते, केसांबरोबर वर ओढली जाते आणि सहज कापली जाते. ती गाठ पशुवैद्यांकडून ट्रिमरने काढून घ्यावी.